पाठमोरा पंच

सॉफ्टबॉल आमच्या किनाऱ्यावर मी आणला, असं मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही. खरं म्हणजे तो एका परिपत्रकाने आणला. शाळेतला सगळ्यात नवा मास्तर म्हणून मला उन्हाळ्यात घाटावरच्या एका शिबिराला पाठवण्यात आलं. परत आलो तेव्हा माझ्याकडे नियमांचं पातळ पुस्तक, एक चेंडू, एक शिट्टी आणि भाजून काळी पडलेली मान एवढा ऐवज होता. त्या काळी सिंधुदुर्ग हा समुद्रातला किल्ला होता, जिल्हा नव्हता. आम्ही सगळे रत्नागिरीत मोडत होतो, आणि रत्नागिरीला आमची आठवण परिपत्रकापुरती येत असे.

बॅट मात्र मिळेना. शेवटी सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि पुस्तकातलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "मुसळ आसा?" मी म्हटलं, जवळजवळ. आठवड्याने त्याने कातून दिलेली बॅट अगदी मापात होती. फक्त सवयीने त्याने तिच्यावर लाल-पिवळे पट्टे ओढून लाखेची चकाकी दिली होती. ती इतकी सुंदर होती की मारायला जीव होईना. मारली तेव्हा पहिल्याच टोल्याला दोन तुकडे झाले, कारण लाकूडही खेळण्यांचंच वापरलं होतं. दुसरी त्याने किंजळीच्या कठीण लाकडाची केली. ती पुढची कित्येक वर्षं टिकली, पट्ट्यांसकट.

शाळेतल्या पोरांपेक्षा खेळ उचलला तो शेजारच्या दोन वाड्यांतल्या तरुणांनी. वरची वाडी आणि खालची वाडी. दोन्हीकडची माणसं एकाच रापणीत होती, म्हणजे एकच मोठं जाळं सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं आणि मासळी वाटून घ्यायची. सकाळी एका दोराला हात लावणारी माणसं संध्याकाळी समोरासमोर उभी राहायची. भात कापून मोकळा झालेला मळा हे मैदान. बेस म्हणून आम्ही पेंढा भरलेल्या गोणी ठेवल्या, त्यामुळे पहिला बेस, दुसरा बेस असं कुणी म्हणालंच नाही. पहिली गोण, दुसरी गोण. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोणीच्या मधून शेताची मेर, म्हणजे मातीचा बांध, जायची. धावणारा ती उडी मारून ओलांडायचा. पुस्तकात याविषयी काही लिहिलेलं नव्हतं. हातमोजे जुन्या शिडाच्या कापडाचे, आत काथ्या भरलेले.

ज्याला खेळ माहीत नाही त्याच्यासाठी एवढंच सांगतो. चेंडू टोलवला की बॅट टाकून पहिल्या गोणीकडे पळत सुटायचं. पाय गोणीवर पडायच्या आत तिथल्या गड्याच्या हातात चेंडू आला, तर धावणारा बाद. पाय आधी पडला तर तो वाचला. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं, आणि पहिल्या वर्षातलं प्रत्येक भांडण त्या पापणीएवढ्या जागेत झालं.

मी मुख्य पंच. मारणाऱ्याच्या पाठीमागे, ज्याला आम्ही घर म्हणत असू तिथे, वाकून उभा राहायचो. तिथून पहिल्या गोणीवरचा निकाल दिला की कुणीतरी ओरडायचंच.

"मास्तर, चष्मो पुसा!"

"अरे तो वाडीचो मास्तर, तेका चेंडू आनि बोंडू सारकोच!"

बोंडू म्हणजे काजूचं फळ, आणि वाडी म्हणजे सावंतवाडी, माझं मूळ गाव. तीस मैलांवरचा माणूस इथे परदेशी ठरतो. तीन सामने भांडणात मोडले तेव्हा दोन्ही संघांनीच तोड काढली. पहिल्या गोणीवर दुसरा पंच हवा, आणि तो तांडेल हवा.

तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. सत्तरीचा, काळा, सुकलेल्या सुंगटासारखा, कोळंबीसारखा, वाकलेला माणूस. रापण किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे तो घालायचा, वाळूत ओळीने, माणशी एक ढीग. मग ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा कुणी काठीने एका ढिगावर बोट ठेवल्यासारखं करून विचारायचा, "हो कोणाचो?" तांडेल समोरच्या माडांकडे बघत एक नाव घ्यायचा. ढीग त्याचा. चाळीस वर्षांत कुणी माझा वाटा लहान असं म्हणालं नव्हतं, कारण ज्याने वाटे घातले त्यालाच कुठला कुणाला जातोय हे दिसत नव्हतं. न्यायाची ही पद्धत मी नंतर थोरामोठ्यांच्या ग्रंथांत शोधली. इतकी साधी कुठे सापडली नाही.

तांडेलाला मी नियम समजावून सांगितला. तो मान हलवत राहिला. पहिल्या सरावाच्या दिवशी तो पहिल्या गोणीशी जाऊन उभा राहिला आणि शांतपणे वळून त्याने खेळाकडे पाठ केली.

मळ्यात हशा पिकला. मी धावत गेलो.

"तांडेल, इकडे तोंड करा. बघायचं असतं."

"कित्याक?"

"बघितल्याशिवाय निकाल कसा देणार?"

"बघल्यार कळता कोण धावता तां," तो म्हणाला. "मगे न्याय खंय रवलो?"

तेवढ्यात कुणीतरी टोला हाणला, पळणारा धापा टाकत आला, चेंडू आला, आणि माझ्याकडे बघत असलेल्या तांडेलाने हात आडवा केला. "गेलो!"

मी बघत होतो. खरंच बाद होता.

मला तो योगायोग वाटला. मी कशावरही चटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही. देवळातला कौलही मी दोनदा लावून बघायला सांगितला असता. म्हणून त्या संध्याकाळी मी तांडेलाच्या शेजारी उभा राहिलो, तोंड खेळाकडे करून, आणि काळोख पडेपर्यंत पोरांना पळवलं. प्रत्येक वेळी मी मनात निकाल ठरवायचो आणि मग त्याचा ऐकायचो. दोनदा आमचं जुळलं नाही, आणि त्या दोन्ही वेळांना, खरं सांगायचं तर, मला नीट दिसलं नव्हतं.

"काय ऐकता तुम्ही?" मी विचारलं.

"गोण 'थप्' करता. शीड 'चट्' करता. आदी काय ता बघूचा." त्याच्या दृष्टीने विषय संपला.

शिबिरात आमच्या शिक्षकांनी सांगितलं होतं की पहिल्या बेसवर डोळे पायावर ठेवा आणि चेंडू कानाने ऐका, कारण दोन जागी एकाच वेळी बघता येत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि विसरलो होतो. इथे एका माणसाने डोळ्यांचा भागच वगळून टाकला होता. मी त्या संध्याकाळी घरी चालत आलो. वाटेत माड होते, समुद्र होता, नेहमीचं सगळं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. झावळ्या पावसासारख्या वाजतात हे मला ठाऊक होतं. सुकलेली झावळ वेगळी वाजते आणि ओली वेगळी, हे ठाऊक नव्हतं.

त्याच्या डोळ्यांचं मला थोडं उशिरा कळलं. एकदा मी नवी बॅट त्याच्यापुढे धरली तर त्याचा हात वीतभर बाजूने गेला. मग तो चाचपडत लाखेवर आला आणि पट्ट्यांवरून फिरला. "गुळगुळीत केल्यान हा," तो म्हणाला. पट्ट्यांविषयी काही बोलला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. हे कुणालाच माहीत नाही असं त्याला वाटत होतं. माहीत नसलेला बहुधा तो एकटाच होता, म्हणजे लोकांना माहीत आहे हे माहीत नसलेला.

आणि तिथेच अडचण होती. पाठ करून नाव घ्यायला डोळे लागत नाहीत, पण त्याआधी वाटे सारखे घालायला लागतात. वरच्या वाडीतला एक तरुण मुंबईला गोदीत नोकरी करून परत आला होता. मनगटावर घड्याळ बांधून तो रापण ओढायचा, म्हणून त्याला सगळे घड्याळवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळ्या गोष्टी नीट व्हायला हव्या असत, आणि हे तो सर्वांना ऐकू जाईल असं सांगत असे.

"म्हाताऱ्याक दिसना नाय. वाटे दुसऱ्या कोणी घालूक व्हये. शिमगो झालो की रापणीची बैठक आसा, थंय मी उठून बोलतलंय."

"शिरा पडो तुझ्या तोंडार," खालच्या वाडीतली एक बाई म्हणाली. "तुझ्या बापाशीक तेनी पोसलो."

"म्हणून तेंका दिसता काय गो, काकी?"

घड्याळवाला बरोबर होता, हेच सगळ्यांना खुपत होतं.

शिमग्याच्या आधी दोन्ही वाड्यांचा मोठा सामना ठरला. मी तांडेलाच्या घरी गेलो. माडाच्या सावलीत तो जाळं शिवत बसला होता, बोटांनी, मान वर करून.

"या सामन्याला तुम्ही नसलात तरी चालेल," मी म्हटलं. "मी दुसऱ्या कुणाला तरी..."

"एक न्याय चुकलो तर बैठकेत म्हणतले, म्हातारो संपलो. होय ना?"

"होय."

"आनि नाय इलंय तर?"

मी घरंगळलेला दोऱ्याचा गुंडा त्याच्या हाताशी सरकवला.

"तर म्हणतले, भियालो. येतंय मी." आणि त्याने जाळ्याची गाठ दाताने ओढली.

सामन्याला मोठे पाहुणे आले. ते कोण होते हे सांगून त्यांचा मान वाढवायचं कारण नाही. ते मोटारीने आले आणि येताना चांदीचं पाणी दिलेली ढाल घेऊन आले. सुरुवातीला गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, पोरांका लागाबिगाक देवू नको, भांडण होवंक देवू नको. लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" तीन मिनिटांत झालं. मग पाहुण्यांनी तेच मागणं चाळीस मिनिटांत मांडलं, आणि मागणं देवाऐवजी आमच्याकडे असल्यामुळे कुणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. त्यांची खुर्ची कुणीतरी मानाने पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, अगदी मागे मांडली होती. ती उचलून मेरेवर ठेवावी लागली. दरम्यान सूर्य बराच खाली गेला.

त्या दिवशी तांडेलाने निकाल दिले ते मला अजून आठवतात, कारण मी त्याच्याकडे खेळापेक्षा जास्त बघत होतो. मळाभर आरडाओरड, ढोल, बायकांचे चित्कार, पाहुण्यांच्या मोटारीच्या ड्रायव्हरने उगाच वाजवलेला भोंगा, आणि त्या सगळ्याच्या आत खाली मान घालून उभा असलेला एक म्हातारा. पळणारा जवळ आला की त्याचे खांदे जरा वर यायचे. मग हात. त्या गोंगाटातून 'थप्' आणि 'चट्' एवढेच दोन आवाज निवडून घ्यायचे, म्हणजे वाळूच्या ढिगातून दोन ओळखीचे कण वेचायचे. मी आयुष्यात मोठे म्हणवले जाणारे बरेच लोक पुढे पाहिले. एखाद्यासमोर आपोआप टोपी काढावीशी वाटावी असं फार थोड्या वेळा झालं. टोपी काढली असती तर खेळ थांबला असता, म्हणून मी काढली नाही.

शेवटची पाळी खालच्या वाडीची. दोघे बाद, तिसरा गेला की पाळी संपणार, सामना बरोबरीत, तिसऱ्या गोणीवर त्यांचा एक गडी. मारायला आला तांडेलाचा झील, म्हणजे मुलगा. तिशीचा, थोराड. होडी ओढताना एकदा त्याच्या पायावर ओंडका पडला होता, तेव्हापासून तो एक पाय जरा घासत टाकायचा. तो पहिल्या गोणीवर पोचला तर तिसरीवरचा गडी घरी येणार, त्याची एक धाव वाढणार आणि ढाल खालच्या वाडीची. नाही पोचला तर ती धाव धरायची नाही, म्हणजे बरोबरी, आणि ढाल मोटारीतून परत. आणि पहिल्या गोणीवर, शिडाचा हातमोजा घालून, वरच्या वाडीकडून उभा होता घड्याळवाला. त्याने घड्याळ खेळापुरतं खिशात ठेवलं होतं.

झीलाने जमिनीलगत टोला हाणला आणि पळत सुटला. मधे उभ्या असलेल्या गड्याने चेंडू उचलून पहिल्या गोणीकडे फेकला. माझं काम घराजवळ होतं. तिसरीवरचा गडी माझ्या अंगावर येत होता, आणि तो घराला शिवतो की नाही हे मला बघायचं होतं. शिवला. मी मान वळवली तेव्हा पहिल्या गोणीवर सगळं होऊन गेलं होतं. घड्याळवाल्याच्या हातात चेंडू, झील गोणीच्या पुढे तीन पावलं, आणि तांडेलाचा हात खालीच.

"मास्तर," तांडेल म्हणाला, अजून पाठ करूनच. "ह्यो माझो झील. पाय वळखलंय मी. ह्यो न्याय माझो नाय. तुमी सांगा."

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. पंचाने उच्चारायचं यापेक्षा लाजिरवाणं वाक्य नाही, पण ते खरं होतं.

मग एकदम सगळे बोलू लागले. खालची वाडी पोचला म्हणाली, वरची वाडी गेला म्हणाली. पाहुणे मेरेवरून उठले आणि हात वर करून म्हणाले, "बंधूंनो, खेळात हार-जीत गौण असते. आपण बरोबरी जाहीर करू, आणि मी दोन शब्द..."

"साहेब, तुमी बसा," घड्याळवाला म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पाहुणे बसले. मग तो म्हाताऱ्याकडे वळला. "तांडेल, आयकलात ना तुमी?"

"आयकलंय."

"मगे सांगा."

"माझो झील आसा रे."

"ता सगळ्यांका ठाऊक आसा. काय आयकलात ता सांगा."

मी झीलाकडे पाहिलं. तो आधीच मैदानाबाहेर चालायला लागला होता. बापाला तो ओळखून होता. बाप आता काय म्हणणार हे मलाही ठाऊक होतं, मळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोटच्या पोराला बाद देणारा ताठ म्हातारा. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतील. बैठकीत कुणी तोंड उघडणार नाही. तेवढा एक शब्द, आणि त्याची जागा पक्की.

तांडेलाने दोन्ही हात पसरले.

"पाय आदी," तो म्हणाला. "पावलो."

आपल्या माणसाशी कडक वागून दाखवण्यातही एक मिरवणूक असते, आणि त्या क्षणी तिचा ढोल वाजायला तयार होता. म्हाताऱ्याने तो वाजवू दिला नाही. स्वतःच्या पोराला वाचवलं म्हणून लोक काय म्हणतील आणि त्यात त्याचं काय जाईल, हे तो जाणून होता. तरी त्याने ऐकलेलं सांगितलं. न्याय म्हणजे काय हे मी पोरांना नागरिकशास्त्रात दरवर्षी शिकवत होतो, आणि मला ते तेव्हा प्रथम दिसलं. मळ्यात पाठ करून उभं असलेलं.

वरच्या वाडीतून कुणीतरी शिवी घातली. घड्याळवाल्याने हातमोजा काढला.

"गप रे. पाय आदीच व्हतो. माझ्या टाचेखाली गोण हलली, मगे चेंडू इलो." आणि त्याने चेंडू माझ्याकडे टाकला.

ढाल देताना पाहुण्यांनी ते दोन शब्द बोलून घेतले. ते संपायच्या आत निम्मा मळा रिकामा झाला. मी गोणी गोळा करत होतो. घड्याळवाला शेवटची गोण घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं, तर आधीच का नाही बोललास?"

"माका खंय कोणी इचारल्यान?" तो म्हणाला. "इचारला तेंका व्हता." मग तो तांडेलाकडे गेला. झील बापाशेजारी उभा होता, ढाल काखेत, चेहरा अजून चुकल्यासारखा.

"तांडेल," घड्याळवाला म्हणाला, "बैठकेत मी काय एक बोलूचंय नाय. वाटे तुमीच घाला."

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. त्याचे डोळे दुधासारखे झाले होते, संध्याकाळच्या तिरक्या उजेडात ते स्पष्ट दिसत होतं.

"वाटे तू घाल," तो म्हणाला. "माका दिसना नाय."

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं, तेही जिंकल्यावर. आजूबाजूला सात-आठ माणसं होती. झीलाने ढाल या काखेतून त्या काखेत घेतली.

"नाव मी घेतलंय तर चलात," तांडेल पुढे म्हणाला. "तेका दोळे लागनत नाय."

"आनि मी एखादो वाटो मोठो घातलंय तर?" घड्याळवाल्याने चेष्टेने विचारलं.

"घाल बघया, मेल्या," म्हातारा म्हणाला आणि दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरले. "वाटे चाचपूक ह्ये आसत मा अजून."